दोघांनी जायचं, एकानं परतायचं

१

पक्ष्यांना मोजता येत नाही, हे मला माझ्या धाकट्या भावानं शिकवलं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, घरी शिकवण्या घेणारी, आणि तो बारावीच्या निकालाची वाट बघत बसलेला. तरी माळावर गेलं की गुरू तोच असायचा.

यशराजला लहानपणापासून हाच नाद. बाकीची पोरं क्रिकेटच्या मागे, आणि हा आमच्या जळोचीच्या घरामागच्या ओढ्याकाठी पालथा पडून खंड्या बघत बसायचा. कुठल्याही पक्ष्यानं कुठूनही आवाज दिला, की हातातला घास तसाच ठेवून तो त्याचं नाव सांगणार. आई वैतागायची. आप्पांनी मात्र दहावीनंतर त्याला जुना झेनिट कॅमेरा आणून दिला, आणि मग पोरगं घरात दिसेनासंच झालं.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याला इंदापूरच्या अंगाला, एका उघड्या माळावर धाविक सापडला. धाविक म्हणजे टिटवीहून लहान, विटकरी छातीचा, उंच पायांचा पक्षी. पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही, उघड्या मुरमावरच अंडी घालतो. पावसाळ्यात वनखातं त्या माळावर चर खणून रोपं लावणार होतं, कारण कागदोपत्री ती पडीक जमीन होती. यशचं म्हणणं, धाविक अंड्यांवर बसल्याचे आणि पिल्लू बाहेर पडतानाचे नीट फोटो मिळाले, की तो ते पुण्याच्या साहेबांपुढे ठेवणार आणि विचारणार, ह्याला पडीक म्हणता का? साहेब ऐकतील असं मला वाटत नव्हतं. पण त्याचा तो आवेश मला फार आवडायचा, हे खरं.

अंड्यांपासून थोड्या अंतरावर त्यानं बाभळीच्या काठ्या आणि गोणपाटाचं लपण उभारलं. गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस जेमतेम बसेल एवढं. अडचण अशी की माणूस आत शिरलेला दिसला, तर धाविक अंड्यांवर परत येत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात अंडी उघडी पडली तर बघता बघता शिजतात. म्हणून फोटोवाल्यांची एक जुनी युक्ती. दोघांनी मोठ्यानं बोलत लपणापर्यंत जायचं, एकानं आत शिरायचं, आणि दुसऱ्यानं तसंच बोलत, हातवारे करत परत जायचं. पक्ष्याला हिशेब येत नाही. त्याला वाटतं, आलेले गेले.

ते निघून जायचं काम माझं.

"फकस्त मागं वळून बघायचं न्हाय, ताई," यशनं बजावलं होतं. "तू वळलीस की त्याला कळतं, मागं कायतरी ऱ्हायलंय."

२

सुरुवातीचे दिवस सगळं सुरळीत होतं. सकाळी लुनावर आम्ही जायचो, मोठ्या लिंबाखाली लुना लावायचो आणि माळ चढायचो. मी त्याला पोचवून परत यायची, दुपारच्या शिकवण्या उरकायची आणि उन्हं कलली की त्याला आणायला जायची. धाविक सहजासहजी फसत नव्हता. मी दिसेनाशी झाले तरी तो लांब उभा राहून लपणाकडे संशयानं बघत राहायचा, आणि यशचा जीव खालीवर व्हायचा.

मग एक दिवस मी आणायला गेले, तर हा लपणातून नाचतच बाहेर आला.

"ताई, आज तू त्या वाळक्या बाभळीपातूर पन गेली नव्हतीस, तेवढ्यात येऊन बसला. सरळ. इकडंतिकडं बघितलंबी न्हाय. आन् शटर वाजलं तरी मान हलवली न्हाय."

मला नवल वाटलं. झेनिटचं शटर म्हणजे पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण आपटल्यासारखा आवाज. त्यानं बाजूच्या बोरीतली लाव्हरीसुद्धा उडायची.

"सवय झाली आसंल त्याला," मी म्हटलं.

"त्याला न्हाय, तुला सवय झाली. झ्याक निघून जातीस आता. नशीब लागतं आसं निघून जानारं मानूस मिळायला."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

खाली लिंबाच्या सावलीत सरुबाईची मेंढरं बसली होती. सरुबाई तिथलीच, आमच्याच जातभाईंपैकी. आमच्या आजोबांपर्यंत आमच्याकडेही मेंढरं होती, त्यामुळे ती आम्हाला हक्कानं बोलायची. तिनं यशकडे बघितलं आणि विचारलं,

"आरं, तू परत कवा वर गेलास?"

"मी खाली आलोच न्हाय की मावशी."

"सकाळी तुमी दोघं जोडीनं उतारलात. मी म्हनलं, आज काम लौकर उरकलं वाटतं."

"मी एकटीच होते, मावशी," मी म्हणाले.

"दोघं व्हता, पोरी. ह्यो जरा मागं व्हता तुज्या."

यश हसला. "बघ, मावशीलाबी फसवलं तू." मीही हसले. सकाळी नऊ-दहाच्या पुढे त्या माळावर वाफा उठतात, लांबचं झुडूप चालल्यासारखं दिसतं आणि माणूस तुटक तुटक. एकाचे दोन दिसले तर त्यात विशेष ते काय? घरी जाईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

३

दुसऱ्या दिवशी परत निघताना मी नेहमीसारखी मोठ्यानं बडबडत होते. खोट्या गप्पा मारायला पहिल्यांदा लाज वाटायची, पण पुढं पुढं मला त्याची मजा वाटू लागली होती. मी मनाला येईल ते बोलायची. आईच्या तक्रारी, शिकवणीतल्या पोरांची नावं, काहीही.

माळावरचा मुरूम पायाखाली करकरतो. मला माझ्या चपलांचा आवाज येत होता, आणि त्यात मध्येच दुसरा एक आवाज मिसळत होता. माझं पाऊल पडायच्या जरासा नंतर. मी चालण्याचा वेग कमी केला, तर तोही कमी झाला.

आता, मोकळ्या माळावर असं होत नसतं. भिंत असेल तर आवाज परत येतो, पण तिथे सपाट उघडं रान होतं. चप्पल सुटली असेल, तिचा मागचा पट्टा आपटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बोलणं थांबवायचं नाही म्हणून मी तशीच म्हणाले,

"बरं, आज रातच्याला काय करूया रे? पिठलं का आमटी?"

"हं," मागून आवाज आला.

यशचा आवाज. काही विचारलं की लक्ष नसताना तो द्यायचा तसाच हुंकार. माझ्या खांद्यामागे, हातभर अंतरावर.

मी वळणार होते. मान अर्धी वळलीही होती. पण वळले तर धाविक उठेल, अंडी उन्हात पडतील, आणि मग यश मला कधी माफ करणार नाही, हाच विचार पहिला आला. आज ह्याचं मला हसू येत नाही. मी समोर बघत चालत राहिले. मी पोरांना शिकवते तसे मोठ्यानं पाढे म्हणू लागले. वाळक्या बाभळीपाशी उतार लागतो, तिथून लपण दिसत नाही. तिथे पोचल्यावर मी झटकन वळले.

कोणी नव्हतं. मी दोन पावलं मागे जाऊन गळ्यातली दुर्बीण लावली. लपण जागेवर होतं आणि त्याच्या पुढ्यात धाविक अंड्यांवर निवांत बसला होता. उन्हानं त्याची चोच उघडी होती.

४

संध्याकाळी आणायला गेल्यावर मी यशला सगळं सांगितलं.

"तू हाक मारली व्हतीस का? नीट सांग."

"लपनात बसून कोन हाक मारंल, ताई?" तो माती झटकत होता. "ऊन लागलंय तुला. उद्यापास्नं टावेल बांध डोक्याला."

मग जरा वेळानं, लेन्स फडक्यात गुंडाळताना, तो आपणहून बोलू लागला. त्याचे डोळे असे चमकत होते की मला ते बघवेना.

"आज काय झालं म्हायती का? त्यो उठला आन् चालत चालत लपनाच्या आत आला. माज्या बुटाच्या सावलीला हुबा ऱ्हायला. मी बघतोय त्याच्याकडं, त्यो बघतोय माज्याकडं. पन त्यानं मला बघितलंच न्हाय, ताई. समोर काय नसंल तर कसं बघतात, तसं बघितलं. लई शांत वाटलं मला. आत बसलं की मी नसतोच बघ."

"आता बास झालं," मी म्हणाले. "फोटो मिळालेत ना? उद्यापासून यायचं न्हाय."

"अंड्याला तडा गेलाय."

"जाऊ दे की."

"पिल्लू बाहेर पडलं की दिवसाभरात जागा सोडतंय. त्यो एक फोटो पायजे. अंडी तर कुनी म्हनंल कुठलीबी हायत. पिल्लू दावलं की मग बोलायला जागा ऱ्हात न्हाय. उद्याचा येक दिवस. मग तू म्हनशील तसं."

माळ वाचवायला निघालेल्या पोराला मी काय सांगणार होते? की मला माझ्यामागे तुझा हुंकार ऐकू आला, म्हणून घरी बस? मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भीतीची लाज वाटत होती. मी हो म्हणाले.

५

त्या सकाळी मी त्याच्याबरोबर वर गेले. तो आत शिरला. गोणपाटाची कनात खाली सोडताना त्यानं मला डोळा मारला. मी कनातीची दोरी स्वतःच्या हातानं बांधली, गाठ ओढून बघितली आणि निघाले.

पावलं पहिल्यापासूनच मागे होती. ह्यावेळी ती लपण्याचाही प्रयत्न करत नव्हती. बाभळीपाशी मी वळले नाही. लिंबाखालीही वळले नाही. सरुबाई त्या दिवशी मेंढरं घेऊन दुसरीकडे गेली होती. मी लुना चालू केली आणि घर येईपर्यंत आरशात बघायचं टाळलं.

घरी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं,

"हातपाय धुवा दोघंबी. गरम हाय तवर खावा."

"दोघं कोण?"

"म्हंजी? यश गेला की न्हवं आत, तुज्याम्होरं."

मधल्या खोलीत पंखा चालू होता. पंख्याखाली सतरंजीवर यश आडवा झाला होता, कोपर डोळ्यांवर घेऊन, नेहमी झोपतो तसा. पायांना माळाची लाल माती होती. शर्ट तोच, बाहीला गोणपाटाचे धागे चिकटलेले. मी दारात उभी राहिले.

"यश? तू कसा आलास?"

"तुज्याबरुबरच आलो की."

"कॅमेरा कुठाय?"

त्यानं कोपर डोळ्यांवरून काढलं नाही.

"कसला कॅमेरा?"

मी तिथेच उभी होते. मला आठवून बघायचं होतं. तो माझ्याबरोबर निघाला होता का? मी दोरी बांधली ती कुणाच्या लपणाची? उन्हात डोकं फिरतं, माणसाला काय वाटेल ते आठवतं, हे मला ठाऊक होतं. पण बोटांना दोरीचा चटका अजून जाणवत होता. परसातल्या शेवग्यावर भारद्वाज घुमायला लागला. अगदी खिडकीशी. चांगला वेळ घुमत राहिला. यशनं कूस बदलली नाही, की कान टवकारला नाही. नाव तर त्यानं सांगितलंच नाही.

मग आईनं हाक मारल्यावर तो उठला आणि माझ्याकडे पाठ करून पानावर जाऊन बसला. आई त्याच्या ताटात तूप वाढत होती. तिचा चेहरा किती दिवसांनी असा समाधानी दिसत होता.

"आज ध्यान हाय जेवनात," ती मला म्हणाली. "पाखरं बिखरं सुटली वाटतं डोक्यातनं."

त्यानं मान हलवली. मी लुनाची किल्ली उचलली. शिकवणीची पोरं दप्तरं घेऊन दारात येत होती, त्यांना मी परत पाठवलं.

६

माळावर पोचले तेव्हा ऊन अजून तापलेलंच होतं. बाभळीच्या जरा पुढे जाऊन दुर्बीण लावली. धाविक अंड्यांवर होता. लपणाच्या भोकातून लेन्सचं तोंड बाहेर आलेलं होतं आणि ते हळूच डावीकडे सरकलं. शटरचा आवाज माळावर खणकन घुमला. धाविकाचं पीससुद्धा हललं नाही.

मनात एकच गोष्ट पक्की होती. माझा भाऊ इथे आहे. घरी कोण जेवतंय ते नंतर बघू. मी बसत, सरकत, लपणाच्या मागच्या बाजूनं जवळ गेले. मी बांधलेली गाठ तशीच होती.

आतून यश बोलला. कुजबुजला नाही, चांगला मोठ्यानं बोलला, आनंदात भान सुटल्यावर बोलतो तसा.

"ताई, आलीस? ये ये. अंडं फुटलं! पिल्लाचं डोकं बाहेर आलंय बघ!"

गोणपाटाच्या कडेनं मला धाविक दिसत होता. लपणापासून तो चार हातांवरही नसेल. एवढा सावध पक्षी, आणि त्याच्या कानाशी माणूस ओरडला तरी तो शांतपणे पोटाखालचं कवच चोचीनं बाजूला करत होता.

"हळू बोल," मी म्हणाले. अगदी श्वासाच्या आवाजात.

धाविक ताडकन उठला. एकदा माझ्या दिशेनं बघितलं आणि पळत, थांबत, पळत माळापलीकडे दिसेनासा झाला.

"काय केलंस हे," यश आतून म्हणाला. "मी एवढा बोललो तर त्यो हलला न्हाय."

७

मी गाठ सोडली. तो रांगत बाहेर आला. घामानं भिजलेला, चेहरा मातीनं माखलेला, गळ्यात कॅमेरा. मी त्याचा हात धरला, गरम होता. पाण्याची बाटली दिली, ती त्यानं घटाघटा संपवली. मला रडू आलं.

"आगं, झालं काय? आप्पा बरं हायत ना?"

आप्पा लोणी देवकरला कारखान्यात होते आणि आठवड्याला घरी यायचे. त्यांचं काही झालं नव्हतं. मी नुसतंच घरी चल म्हणाले. त्यानं अंड्यांकडे एकदा डोळे भरून बघितलं. "चल बिगीबिगी. आपुन गेलो तरच त्यो परत यील. पिल्लाला ऊन सोसायचं न्हाय."

माळ उतरताना मी त्याचा हात सोडला नाही. लुनावर तो मागे बसला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या वाटेनं तो बोलत होता. पिल्लू कसं ओलं होतं, शेवटच्या फोटोला रोल कसा संपत आला होता, पुण्याला कधी जायचं. माझ्या कानाशी त्याचा श्वास लागत होता. मी हो हो म्हणत होते आणि मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घेत होते.

वाटेत कॅनॉलचा चढ लागतो. डबलसीट असलं की तिथे लुना दम टाकते, पेडल मारल्याशिवाय वर चढत नाही, हे तिकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. मी पेडलवर पाय ठेवून तयार होते. लुना एका दमात चढून गेली. मी एकटी असले की जाते तशी.

"मस्त चालतीया गं आज," यश मागून म्हणाला.

अंगणाशी आले तेव्हा उन्हं उतरली होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आई हसत होती, आणि तिच्याशी कोणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता.

मागचं बोलणं थांबलं. मग यशनं हळूच विचारलं,

"ताई, आपल्याकडं कोन आलंय?"

तेवढ्यात आई दारात आली. पदराला हात पुसत तिनं लुनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे बघितलं.

"आगं, येवढ्या उन्हाची येकटीच कुठं गेली हुतीस? पोरं येऊन परत गेली. चल आत, च्या टाकलाय. यश कवाधरनं वाट बघतुय तुजी."

माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. यात्रेच्या गर्दीत लहानपणी तो धरायचा, तितका घट्ट.

आईनं पुन्हा हाक मारली. आतूनही कोणीतरी ताई म्हणून हाक दिली. मी लुनावरून उतरले नाही. उतरले असते तर तो हात सुटला असता.